घरच्या मोटारीची वरचेवर नादुरुस्ती : कारण, निदान व हिशेब

बैल विकत घेताना शेतकरी त्याचे दात पाहतो, खूर पाहतो, खांद्यावर हात फिरवितो आणि चार पावले चालवून मगच इसार देतो. इतके करूनही तो औतात बसणारा निघाला, तर पुढच्या बाजारी त्यास विकण्यास तो मागेपुढे पाहत नाही. परंतु तोच शेतकरी कुटुंबासाठी जुनी मोटार घेतो तेव्हा रंग, गाद्या आणि किंमत एवढेच पाहतो. आणि ती रस्त्यात बसू लागली म्हणजे वर्षानुवर्षे तिला पोसत राहतो. यात त्याचे अज्ञान आहे असे म्हणता यावयाचे नाही. बैलाची विद्या त्यास वडिलांकडून मिळाली. मोटारीची विद्या त्यास कोणी दिली नाही. ती उणीव अंशतः भरून काढावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आपल्या वर्धा जिल्ह्यात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत कुटुंबाचे वाहन म्हणजे बंडी, दमणी अथवा रेंगी. चाकाचा आरा मोडला तर गावचा सुतार तो बसवी. धाव सैल झाली तर लोहार ती तापवून पुन्हा चढवी. आख करकरू लागला तर घरचा मुलगाही वंगण घाली. वाहनाचा प्रत्येक अवयव धन्याच्या डोळ्यांसमोर असे, त्यामुळे काय मोडले आणि का मोडले हे दोन्ही प्रश्न एकाच वेळी सुटत. १९३४ साली स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे वर्ध्याच्या मगनवाडीत होते व जे. सी. कुमारप्पा हे त्याचे चिटणीस होते. साधन असे असावे की ते गावात घडावे आणि गावातच दुरुस्त व्हावे, या विचाराचा पाठपुरावा तेथून झाला. त्याच काळातील एक हकीकत वर्ध्यात अद्याप सांगतात. जमनालालजी बजाज यांच्याकडील फोर्ड मोटारीस बैल जुंपीत आणि त्या वाहनास विनोदाने ‘ऑक्सफर्ड’ म्हणत. कारण इंग्रजीत ऑक्स म्हणजे बैल. आज मोटारीस कोणी बैल जुंपणार नाही, जुंपूही नयेत. तथापि जे यंत्र आपणास कळत नाही त्याच्या दुरुस्तीत आपण पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती जातो, ही गोष्ट तेव्हा जितकी खरी होती तितकीच आजही आहे.

चार बिले

विषय नुसत्या उपदेशाने कळत नाही, म्हणून प्रस्तुत लेखकाच्या घरचाच दाखला येथे देतो. २०१९ साली कापसाच्या पैशांतून ८ वर्षे वापरलेली एक डिझेल मोटार आम्ही २,४०,००० रुपयांस घेतली. घरी वृद्ध आईवडील, शिकणारी मुले, आणि आर्वी तालुक्यातील आमच्या गावास येणारी एस. टी. दिवसातून मोजक्याच वेळा. सबब ही खरेदी चैनीची नव्हती.

२०२० च्या एप्रिलमध्ये पाण्याची एक रबरी नळी फुटली. ती बदलण्यास १,८०० रुपये लागले. २०२१ च्या मार्चमध्ये रेडिएटर गळू लागला. नवा बसविला, ११,५०० रुपये. २०२२ च्या मे महिन्यात इंजिनाच्या माथ्याखालील गॅस्केट गेले आणि माथा वाकला म्हणून तो घासून सपाट करावा लागला, २६,७०० रुपये. दर वेळी निराळे गॅरेज, निराळा मिस्त्री आणि निराळा सुटा भाग. आम्हांस वाटे की गाडीचेच दैव खोटे.

२०२३ च्या एप्रिलमध्ये एके रात्री वडिलांच्या छातीत दुखू लागले. त्यांना घेऊन सेवाग्रामच्या रुग्णालयाकडे निघालो असता खरांगण्याच्या अलीकडे इंजिनातून ठोके ऐकू येऊ लागले आणि गाडी बंद पडली. मागून भाजीपाल्याचा एक टेम्पो आला. त्याच्या चालकाने क्रेट बाजूस सारून वडिलांना जागा करून दिली. वेळेवर पोहोचलो व वडील त्या दुखण्यातून उठले; परंतु अंधारात रस्त्याच्या कडेला गेलेली ती २० मिनिटे घरात कोणीही विसरलेले नाही. ज्या प्रसंगासाठी वाहन घ्यावयाचे, त्याच प्रसंगी ते उभे राहिले नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून वर्ध्यास नेली. तेथील एका वृद्ध मिस्त्रीने प्रथम इंजिन खोलले नाही. त्याने पाण्याच्या मार्गावरील एक झाकण काढले, आत पेचकस फिरविला आणि निघालेली पांढरी खपली तळहातावर घेऊन विचारले, “भाऊ, यात विहिरीचं पाणी टाकत होते काय जी?” आम्ही तेच करीत होतो. पाणी उणे दिसले की मोटेच्या विहिरीतील कळशी आणून ओतावी, हा घरचा परिपाठच होता. या चौथ्या वेळी बेअरिंगे, रिंगा व मजुरी मिळून ५८,००० रुपयांचे बिल झाले. एकूण रक्कम ९८,००० रुपये. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ८,११० रुपये ठरला. त्या भावाने ही सुमारे १२ क्विंटल कापसाची किंमत होते. ती किती एकरांची कमाई होय, हे ज्याने त्याने आपल्या शेताच्या उताऱ्यावरून ताडावे.

एक कारण

वरील चारही बिघाड वस्तुतः एकच बिघाड होता. तो कसा, हे समजण्यास इंजिन थंड राखण्याची व्यवस्था पाहिली पाहिजे.

इंजिनात इंधन जळते तेव्हा ज्वालेची उष्णता क्षणभर २,००० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. ती धातूने सोसावी म्हणून सिलिंडरांभोवती पोकळ्या ठेवून त्यांतून पाणी खेळवितात. पंप ते पाणी फिरवितो. तापलेले पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जाते. समोरून येणारा वारा व पंखा त्यास निववितात आणि ते परत इंजिनाकडे येते. मध्ये थर्मोस्टॅट नावाची एक झडप असते. पाणी साधारणतः ८० ते ९० अंशांवर गेले म्हणजे ती उघडते व रेडिएटरची वाट मोकळी करते. टोपीलाही काम असते. ती आतील पाणी दाबाखाली ठेवते, त्यामुळे ते १०० अंशांवर न उकळता त्याहून बऱ्याच वरच्या तापमानापर्यंत द्रवरूप राहते. टोपीची स्प्रिंग सैल झाली तर गाडी विनाकारण उकळू लागते.

आता विहिरीचे पाणी पाहा. आपल्या काळ्या रानाखाली बेसाल्टचा खडक आहे व त्यातील पाण्यात चुन्याचे क्षार विरघळलेले असतात. पाणी तापविण्याच्या भांड्यात तळाशी जो पांढरा थर बसतो तो याच क्षारांचा. रेडिएटरच्या व इंजिनाच्या अरुंद मार्गांतही तोच थर बसतो. थर जाड झाला की उष्णता धातूतून पाण्यात नीट उतरत नाही आणि पाण्याची वाटही रोधली जाते. शिवाय नुसत्या पाण्याने आतून गंज चढतो, तो निराळाच.

इंजिन थोडे अधिक तापू लागले म्हणजे प्रथम जी वस्तू सर्वांत दुबळी ती हार खाते. ती रबरी नळी. नळी बदलली, थर तसाच राहिला. पुढे रेडिएटर गेला. नवा रेडिएटर बसविला तरी इंजिनाच्या पोटातील थर कोणी काढला नाही. मग पाळी आली माथ्याची. हा माथा बहुधा ॲल्युमिनियमचा असतो आणि ॲल्युमिनियम उष्णतेने बिडाच्या लोखंडाच्या सुमारे दुप्पट फुगते. त्यामुळे अतितापाने तो वाकतो व त्याखालील गॅस्केट उघडे पडते. गॅस्केट गेले की पाणी ऑइलमध्ये मिसळते, ऑइल ताकासारखे पांढुरके होते, त्याचे वंगण म्हणून सामर्थ्य नष्ट होते आणि बेअरिंगे झिजतात. त्या झिजलेल्या बेअरिंगांचे ठोके आम्ही खरांगण्याच्या रस्त्यावर ऐकले. पहिल्याच वेळी जुने पाणी काढून मार्ग धुऊन घेतले असते व योग्य कूलंट घातले असते, तर पुढील तिन्ही बिले बहुधा आलीच नसती.

कपाशीचे पान लाल पडले की औषधाची बाटली घेऊन धावणारा शेतकरी फसतो, हे आपण जाणतो. लाली रसशोषक किडीने येते, मॅग्नेशियमच्या उणिवेने येते आणि मुळाशी पाणी साचल्यानेही येते. लक्षण एक, कारणे अनेक. मोटारीत याच्या उलटही घडते : कारण एक, लक्षणे अनेक. म्हणून मिस्त्रीस पैसे देण्यापूर्वी ‘काय मोडले’ याजबरोबर ‘ते कशाने मोडले’ हेही विचारावे; आणि दुसऱ्या प्रश्नास उत्तर मिळेपर्यंत सुटा भाग बदलू देऊ नये.

उपाययोजना

१. इंजिनात विहिरीचे अथवा बोअरचे पाणी घालू नये. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेले कूलंट, बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणाने मिसळून घालावे. यातील द्रव्ये गंज रोखतात व उत्कलनबिंदूही काहीसा वाढवितात. कूलंटलाही आयुष्य असते; मुदत संपली की ते बदलावे.

२. पातळी वरचेवर उतरत असेल तर भरत राहणे हा उपाय नव्हे. गळती शोधणे हा उपाय होय.

३. रेडिएटरच्या पुढच्या जाळीत कापसाची बोंदरे, कुटार, धूळ व किडे अडकतात. इंजिन थंड असता मऊ धारेने ती धुवावी. जोराच्या धारेने पत्रे दुमडतात.

४. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी उष्णतामापकाच्या काट्याकडे लक्ष ठेवावे. काटा चढू लागताच गाडी बाजूस घेऊन इंजिन बंद करावे. ‘पुढच्या गावापर्यंत जाऊ’ हा विचार फार महागात पडतो. पाणी एकदम निघून गेले तर मापक कोरडा पडून काटा उलट खाली येतो. त्यासही फसू नये.

५. तापलेल्या रेडिएटरची टोपी कदापि उघडू नये. वाफेने तोंड व हात भाजतात. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्यास धातूस तडा जाण्याचा संभव असतो.

६. ऑइलची कांडी आठवड्यातून एकदा पाहावी. ऑइल ताकासारखे दिसल्यास गाडी सुरूच करू नये.

अन्य बिघाडांविषयी थोडक्यात सांगतो. कच्च्या रस्त्याच्या धुळीने हवेचा फिल्टर चोंदतो. धूळ आत गेल्यास सिलिंडर झिजतात. पिंपात साठविलेल्या डिझेलमध्ये पाणी उतरते व ते इंजेक्टरांचा नाश करते. पंपावरूनच इंधन भरावे. धान्याच्या कोठाराशेजारी गाडी उभी केल्यास उंदीर तिच्या तारा कुरतडतात आणि तो बिघाड शोधण्यात मिस्त्रीचे दिवसच्या दिवस जातात. गाडीची जागा कोठारापासून दूर असावी. टायरच्या बाजूवर शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे व पुढचे दोन वर्षाचे. नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होते. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाल्यापासून आपल्या जिल्ह्यातील पुष्कळ गाड्या भर उन्हात त्या सिमेंटच्या रस्त्यावर वेगाने धावतात. जुने टायर व हवेचा उणा दाब या दोहोंची गाठ तेथे पडली तर केवळ पैशांवर भागत नाही. हवा टायर थंड असतानाच मोजावी.

गाडीची वही

शेताचा जमाखर्च ठेवणारा शेतकरीही गाडीचा जमाखर्च ठेवीत नाही. एक साधी वही करावी आणि तीत सात रकाने आखावे : तारीख, किलोमीटरचा आकडा, बिघाड, त्याचे कारण, सुट्या भागाची किंमत, मजुरी आणि गाडी उभी राहिली ते दिवस. गॅरेजचे बिल व काढलेला जुना भाग मागून घ्यावा. आम्ही ही वही चौथ्या बिलानंतर लिहिली. जुनी बिले शोधून तारखा ओळीने मांडल्या तेव्हा चारही बिघाड मार्च ते मे या तीन महिन्यांतच आले, ही गोष्ट प्रथमच ध्यानात आली. वही आधी असती तर दुसऱ्या वर्षीच उन्हाकडे व पाण्याकडे बोट गेले असते. निरनिराळ्या मिस्त्रींनी एकेक पान पाहिले. सर्व पाने एकत्र पाहणारा धन्यावाचून दुसरा कोणी नसतो.

दुरुस्त करावी की विकावी

हा प्रश्न सर्वांत कठीण, कारण तो यंत्राचा नसून मनाचा आहे. वर्ध्याच्या त्या मिस्त्रीने आम्हांस स्पष्ट सांगितले होते की गाडी आहे त्या स्थितीत ७०,००० रुपयांस जाईल, विकून टाका. आम्ही ऐकले नाही. ‘आधीच ४०,००० रुपये घातले आहेत, आता कशी सोडावी?’ असे घरात सर्वांचे म्हणणे पडले.

दुबार पेरणीच्या वेळी आपण असा विचार करीत नाही. मृगाच्या सरीवर पेरले, पावसाने ताण दिला व बी करपले, तर पुन्हा पेरावे की नाही हे ठरविताना पहिले बी केवढ्याचे होते हे कोणी मोजीत नाही. ते मातीत गेले. हंगाम किती उरला, नव्या बियाण्यास काय पडेल आणि हाती काय येईल, इतकेच आपण पाहतो. मोटारीसही हाच न्याय लावावा. घातलेला पैसा हिशेबातून काढावा आणि तीनच प्रश्न विचारावे : आज आहे तशी विकल्यास काय येईल? दुरुस्तीस काय लागेल? आणि दुरुस्तीनंतर तिची किंमत किती होईल व ती किती काळ निर्वेध चालेल? यांत चौथा प्रश्न कुटुंबाचा आहे : रात्री-अपरात्री आजारी माणसास घेऊन या गाडीतून निघण्यास आपण धजाल काय?

आमच्या गाडीचा निकाल असा लागला. ५८,००० रुपये घातले. बिघाड पुन्हा आला नाही. परंतु विश्वास उडाला तो उडालाच. पुढे वर्षभर लांबच्या प्रवासास आम्ही भाड्याचीच गाडी आणीत असू आणि घरची गाडी आर्वीच्या बाजारापुरती चालवीत असू. २०२४ मध्ये ती विकली. ७०,००० च्या ठिकाणी १,००,००० आले. म्हणजे ५८,००० पेरून ३०,००० उगवले.

खरेदी-विक्रीतील दक्षता

जुनी गाडी घेताना ती थंड असता सुरू करून पाहावी. विक्रेत्याने आधीच तापवून ठेवली असल्यास सावध व्हावे. इंजिन थंड असतानाच टोपी उघडून आत पांढरी खपली अथवा तांबूस गढूळपणा आहे काय ते पाहावे. ऑइलच्या टोपीखाली पांढुरका साय असेल तर ती गाडी घेऊ नये. नंतर तासभर चालवून काटा स्थिर राहतो की नाही याची खात्री करावी. आपला मिस्त्री बरोबर नेण्यास जो खर्च येतो तो सर्वांत स्वस्त विमा समजावा.

नवी गाडी अथवा व्यापाऱ्याकडील गाडी सदोष निघाल्यास प्रत्येक तक्रार लेखी द्यावी व कामाचा कागद जपून ठेवावा. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्याखाली दोषाचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. मोबदल्याची रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगाकडे चालते व ५ लाख रुपयांपर्यंत शुल्क पडत नाही. १९१५ या दूरध्वनी क्रमांकावर प्रथम सल्ला मिळतो. एखाद्या गृहस्थाने आपली घरची गाडी आपणास विकली असेल तर मात्र हा मार्ग सामान्यतः उपयोगी पडत नाही. तेथे डोळे उघडे ठेवूनच घ्यावे.

विकणाऱ्यानेही एक गोष्ट विसरू नये. पैसे हाती आले म्हणजे व्यवहार पुरा झाला असे नव्हे. नमुना २९ व ३० भरून परिवहन कार्यालयात नाव बदलून घ्यावे. ज्याचे नाव नोंदवहीत असेल तोच मालक समजला जातो व अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याजवर येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिलेला आहे.

आमची गाडी घेण्यास समुद्रपूर तालुक्यातील एक तरुण शेतकरी आला होता. त्याने १,१५,००० रुपये देऊ केले. वडिलांनी घरातून वही आणविली आणि चारही बिले त्याच्यापुढे ठेवून, कारण काय होते व आता आत कोणते पाणी आहे, हे समजावून सांगितले. त्याने १५,००० रुपये कमी केले आणि वही मागून घेतली. तो जाताना वडील त्यास इतकेच म्हणाले, “पुढची पानं कोरी आहेत, लिहीत जा.”